जुन्या घरातली बैठकीची खोली आणि तिची लाकडी जमीन: ओल शोधण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

लाकडी जमीन वापराने जितकी खराब होते, त्याहून जास्त ती घाईघाईने ‘नवी’ करताना होते. खोबण-जीभ सांध्याची, म्हणजे एकीच्या कडेची पुढे आलेली जीभ शेजारणीच्या खोबणीत बसते अशी, साधी भरीव फळी १८ ते २० मिमी जाडीची असते. पण ती सगळी जाडी घासण्यासाठी नसते. जिभेच्या वर जेवढं लाकूड आहे तेवढंच आपल्या हातात, आणि नव्या फळीतही ते जेमतेम ६ ते ८ मिमी असतं. मशीनने एकदा पूर्ण घासलं की अर्धा ते एक मिमी जातं. नवशिक्याच्या हातून दोन मिमीही जातात. म्हणून या लेखात घासण्याआधीच्या कामांना बरीच जागा दिली आहे. कमीत कमी लाकूड काढून जमीन उभी करायची असेल तर ती कामं टाळता येत नाहीत.

आधी जाडी मोजा

दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढा, किंवा स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या पट्टीचा, एक तुकडा सोडवा. फळीची उघडी कड दिसली की वरच्या पृष्ठभागापासून जिभेपर्यंतचं अंतर मोजा. ३ मिमीहून जास्त असेल तर पूर्ण घासता येईल. २ ते ३ मिमी असेल तर फक्त हलकं घासणं, तेही बारीक घासकागदाने. खोबणीची वरची कड चिपा होऊन निघत असेल किंवा मूळच्या लपवलेल्या खिळ्यांची डोकी वर दिसू लागली असतील, तर ती जमीन शेवटच्या टप्प्यावर आली आहे. तिथे मशीन लावू नका. खराब फळ्या बदला, बाकीच्या साफ करा आणि तेल द्या.

खालचा थर प्लायचा आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा असेल तर तो पापुद्रा किती जाड आहे ते बघा. २ मिमीच्या पापुद्र्यावर ड्रम मशीन (फिरत्या रुळावर घासकागद लावलेलं जमीन घासायचं मोठं मशीन) चालवायचं नाही. लॅमिनेटमध्ये तर लाकडाचा फक्त छापील फोटो असतो, तो घासताच येत नाही.

जुन्या गालिच्याखाली किंवा लाकडावर चिकटवलेल्या जुन्या टाइल सापडल्या, विशेषतः ९ इंची चौकोनी व्हिनाइल टाइल आणि खाली काळा डांबरी गोंद, तर तिथेच हात थांबवा. त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, खरवडू नका, मोडूही नका.

ओल, कीड आणि खालच्या कड्या

फळीखाली काय चाललंय हे कळल्याशिवाय वरच्या कामावर पैसे घालू नयेत. पिनांचा ओलावामापक घ्या. मधल्या फळ्या, भिंतीलगतच्या फळ्या, खिडकीखाली आणि बाहेरच्या भिंतीकडे, अशा किमान १५–२० जागी मोजा आणि आकडे खोलीच्या कच्च्या नकाशावर लिहून ठेवा. नेहमी कोरड्या असलेल्या घरात लाकडात ६ ते ९ टक्के ओलावा असतो, दमट हवेत १० ते १२. पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, फरक बघायचा. खोलीभर ९ टक्के आणि एका कोपऱ्यात १६ असेल तर त्या कोपऱ्यात पाणी येतंय. नळाची गळती, खिडकीची फुटलेली चौकट, बाहेरच्या बाजूला जमिनीची वाढलेली पातळी, फळ्यांखालची हवा खेळती ठेवणारी भिंतीतली बुजलेली भोकं, याच क्रमाने शोधा. शेवटचं कारण फार वेळा सापडतं. कुणीतरी थंडी किंवा उंदीर येतात म्हणून ती भोकं बंद केलेली असतात आणि काही वर्षांत कड्यांची टोकं कुजतात. उंदरांसाठी बारीक जाळी लावा, भोक बुजवू नका.

कडी, म्हणजे ज्या आडव्या लाकडांवर फळ्या ठोकलेल्या असतात ती, भिंतीत शिरते तिथे सगळ्यात आधी कुजते. पेचकसाचं टोक तिरपं लावून दाबा. चांगल्या लाकडात ते एक-दोन मिमी जाईल आणि अडेल. ५ मिमीहून खोल शिरलं किंवा लाकूड भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग कापून शेजारी नवी कडी बोल्टने जोडावी लागेल, आणि हे काम जाणत्या सुताराचं किंवा इंजिनिअरचं आहे. लाकडावर उभ्या-आडव्या चौकोनी भेगा पडल्या असतील तर ती बुरशीची कूज. मातीच्या बारीक नळ्या आणि ठोकल्यावर पोकळ आवाज असेल तर वाळवी. एक-दोन मिमीची गोल भोकं असतील तर भुंगा. भुंगा अजून जिवंत आहे का हे ओळखायचं असेल तर भोकांवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवा. काही आठवड्यांनी कागदाला नवीन भोक पडलं किंवा खाली फिकट ताजी पूड दिसली तर तो चालू आहे.

फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खाली, म्हणजे पन्हळीसारखा आकार आला असेल, तर फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे. अशी जमीन लगेच घासू नये. वर आलेल्या कडा मशीनने कापल्या, जमीन सपाट दिसली, सगळे खूश झाले. पुढे ओल हटली, फळी मूळ आकारात परत गेली आणि आता कडा खाली, मध्य वर. ते निस्तरायला पुन्हा एक मिमी लाकूड द्यावं लागतं. ओलीचं कारण काढा आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबा. यात महिने जाऊ शकतात. बऱ्याचदा वाळल्यावर निम्मी पन्हळ आपोआप जाते.

भिंती आणि छत आधी, पण त्यातही क्रम आहे

सामान बाहेर, पडदे आणि त्यांचे दांडे बाहेर. मग स्कर्टिंग सोडवा: रुंद पातळ पट्टी भिंतीत आणि स्कर्टिंगमध्ये सरकवा, तिच्यामागे लाकडी ठोकळा ठेवून पहार हळूच टेका, म्हणजे गिलावा तुटत नाही. खिळे मागच्या बाजूने पक्कडीने ओढून काढा. पुढून ठोकले तर रंगाचा टवका उडतो. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर क्रमांक लिहा. जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात, त्यामुळे एका कोपऱ्याचा तुकडा दुसऱ्या कोपऱ्यात बसत नाही.

छतापासून खाली उतरायचं. पण त्याआधी वीज. वायरिंग नवं करायचं असेल, जास्तीचे प्लग हवे असतील, दिव्यांच्या जागा बदलायच्या असतील, तर भिंत फोडण्याचं सगळं काम याच टप्प्यात उरकावं. कापडी किंवा रबरी वेष्टणाच्या जुन्या वायरी वळवल्यावर वेष्टण तडकत असेल तर त्या बदलाव्याच लागतात. बैठकीच्या खोलीत छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा असेल तर जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा दिसतो आणि कोपरे मात्र अंधारात राहतात. भिंतीवरचे दोन आणि वाचायच्या जागी एक अशी विभागणी बरी. कोच, टीव्ही, पुस्तकांचं कपाट कुठे येणार हे कागदावर मापासकट काढा आणि मगच प्लगची जागा ठरवा. नंतर जमिनीवरून वायरी ओढत बसावं लागत नाही.

गिलावा बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ वाजतो तेवढाच काढा, सगळी भिंत सोलू नका. जुना चुन्याचा गिलावा असेल तर डागडुजीही चुन्यानेच: एक भाग चुना, तीन भाग धारदार कणांची वाळू, भिंत आधी ओली करून, एका वेळी १० मिमीहून जाड थर नको. तिथे सिमेंटचं ठिगळ लावलं की भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडू शकत नाही, ठिगळाच्या कडेने वाट काढतो आणि वर्षभरात कडेचा चुना फुगून पडतो. प्लास्टिक पेंटचंही तेच. चुन्याच्या भिंतीला हवा जाऊ देणारा रंग द्या.

ओल्या गिलाव्याचा जमिनीशी थेट संबंध आहे. एका खोलीच्या गिलाव्यातून बादल्या भरतील इतकं पाणी हवेत येतं आणि शेजारचं लाकूड ते शोषतं. साधारण हिशेब दिवसाला १ मिमी वाळण्याचा; १५ मिमी थराला दोन आठवडे आणि हवा दमट असेल तर त्याहून जास्त. त्यानंतर ओलावामापकाचे जुने आकडे काढून फळ्यांशी पुन्हा ताडून बघा.

छत पूर्ण रंगवून घ्या. भिंतींनाही शेवटचा हात देऊन टाका, फक्त खालची वीतभर पट्टी सोडा. कडा घासायचं मशीन तिथे हमखास लागतं.

खरंच घासायची गरज आहे का?

जमीन मळकट दिसते म्हणून ती झिजलेली असतेच असं नाही. वर्दळीच्या जागी पाण्याचे दोन-चार थेंब टाका. पाच मिनिटांनी थेंब तसेच असतील तर वरचा थर शाबूत आहे. स्वच्छ धुणं, १२० नंबरच्या घासजाळीने (नंबर जितका मोठा तितका कागद किंवा जाळी बारीक) हलकं खरखरीत करणं आणि वर एक-दोन हात, एवढं पुरतं. लाकूड अजिबात जात नाही. थेंब लगेच शोषले जाऊन डाग गडद झाला तर थर गेला आहे.

वर आधी काय दिलंय हेही शोधा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून लावा: विरघळून चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नखाने खरवडल्यावर मऊ करडा पापुद्रा निघाला किंवा पाण्याच्या थेंबाखाली दहा मिनिटांत पांढरट डाग उठला तर मेण. मेण असेल तर आधी टर्पेंटाइन आणि फडक्याने ते जितकं निघेल तितकं काढा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास ठिणगी होऊ न देता. मेण उरलं तर कागद दोन मिनिटांत तुंबतो, आणि फळ्यांच्या फटीत बसलेलं मेण नंतर नव्या थराला धरू देत नाही. मेणावर पॉलीयुरेथेन, म्हणजे लाकडावर द्यायचा पारदर्शक कडक थर, सोलून निघतं, नेमकं फटींच्या कडेने.

दुरुस्ती

करकर वाजणाऱ्या फळीत बहुतेक वेळा लाकूड खिळ्यावर घासत असतं. दोन कड्यांच्या मध्ये वाजत असेल तर सांध्यात शंखजिऱ्याची पूड ब्रशने भरून बघा. कडीवर वाजत असेल तर ४ × ५० मिमीचा स्क्रू: आधी ३ मिमीचं भोक, डोक्यासाठी वरून खळगा, आणि वर त्याच लाकडाची गोल खुंटी. ड्रिल लावण्याआधी खाली पाइप किंवा वायर नाही ना ते नक्की करा. जुन्या घरात त्या कडीच्या वरच्या अंगाला खाच पाडून नेलेल्या असतात, फळीच्या अगदी खाली. खालून पोचता येत असेल तर कडी आणि फळीमधल्या फटीत गोंद लावलेली पातळ पाचर हाताने सरकवा. हातोड्याने ठोकली तर फळी उचलली जाते आणि नवी करकर सुरू होते.

फळी बदलायची तर नवं लाकूड आणण्याआधी घरातच शोधा. कपाटाखालून, माळ्यावरून काढलेल्या फळीची जात, रुंदी आणि वयाने आलेला रंग आपोआप जुळतो. नवं आणलंच तर तुकडे खोलीत पट्ट्यांवर मोकळे रचून एक-दोन आठवडे ठेवा आणि ओलावा जुन्या फळीच्या दोन टक्क्यांच्या आत आला की बसवा. खराब फळी काढताना गोल करवतीची खोली फळीच्या जाडीइतकीच ठेवा, मधोमध दोन समांतर काप घ्या, मधली पट्टी आधी काढा आणि बाजूचे तुकडे पटाशीने आत ओढा. नव्या फळीच्या खोबणीचा खालचा ओठ कापून टाकला की ती वरून बसते. शेजारच्या ओळीतले आडवे सांधे एकमेकांपासून किमान १५ सेंमी दूर ठेवा.

फटींबद्दल घाई करू नये. लाकूड लांबीला फारसं हलत नाही, रुंदीला हलतं. ओकची १०० मिमी रुंद फळी ओलावा ४ टक्क्यांनी वाढला की दीड मिमीच्या आसपास फुगते. साग साधारण त्याच्या निम्मा. कोरड्या ऋतूत सगळ्या फटी कडक भरल्या तर दमट ऋतूत फुगायला जागा उरत नाही आणि जमीन मधून उचलली जाते. दोन मिमीपर्यंतच्या फटी तशाच सोडाव्यात, हे स्पष्ट मत. त्याहून रुंद असतील तर त्याच लाकडाच्या पाचरीच्या आकाराच्या पट्ट्या कापा, एकाच कडेला गोंद लावून ठोका आणि वर राहिलेला भाग रंध्याने सपाट करा. लाकडी भुस्सा आणि पांढरा गोंद कालवून भरणं टाळा. गोंदाचा ठिपका रंगही घेत नाही, तेलही घेत नाही, आणि पुढे कायम डोळ्यांत खुपतो. बारीक भेगांना आणि खिळ्यांच्या भोकांना १०० नंबर कागदाची पूड तयार फिलर-रेझिनमध्ये कालवून भरा. तेही दुसरा कागद मारून झाल्यावर, आधी नाही. आणि भिंतीलगतची ८ ते १० मिमीची मोकळी फट कधीही बुजवू नका. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

खिळ्याभोवतीचा निळसर काळा वलयाकार डाग घासून जात नाही. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची पाण्यात प्रक्रिया होऊन तो आत उतरलेला असतो. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. एक लिटर कोमट पाण्यात ६० ते ८० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालून. फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर लावा, नाहीतर डागाच्या जागी फिकट चट्टा उमटतो. पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या फडक्याने तीन-चारदा पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या, मगच पुढे जा. पुसायचं राहिलेलं आम्ल वाळून स्फटिक होतं आणि घासताना त्याची पूड नाकात जाते. ती विषारी आहे. जुने मूत्राचे डाग मात्र पूर्ण जात नाहीत. ती फळी बदलणं किंवा गडद रंग देणं, दोनच वाटा.

घासणं

सगळी खिळ्यांची डोकी बसकीने (खिळ्याच्या डोक्यावर टेकवून ठोकायच्या लोखंडी दांडीने) ३ मिमी खाली ठोका. तळव्याने जमिनीवरून हात फिरवायचा मोह होतो, पण त्याऐवजी रुंद पट्टी सरकवत जा. ती खिळ्याला लागली की आवाज येतो. एक डोकं राहिलं तरी पट्टा फाटतो, ठिणगी उडते, आणि ती धुळीच्या पिशवीत गेली तर आत धुमसत राहते.

४ × ५ मीटरच्या खोलीला, म्हणजे २० चौरस मीटरला, साधारण लागतं ते असं: ड्रम मशीन आणि कडांचं मशीन, ४० नंबरचे तीन-चार पट्टे, ६० आणि ८० किंवा १०० नंबरचे प्रत्येकी दोन, कडांसाठी प्रत्येक नंबरच्या चार-पाच चकत्या, शेवटी फिरत्या मशीनसाठी १२० नंबरच्या दोन जाळ्या. ड्रम मशीन २ किलोवॅटच्या वर वीज खेचतं. जोडतार २.५ चौरस मिमीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली तार तापून वितळते. दार आणि सांध्यांना प्लास्टिक, कानांना झाकण, आणि बारीक कणांचा घट्ट बसणारा मास्क. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती १९९५ सालीच पहिल्या गटात टाकली आहे. रुमाल बांधून भागत नाही.

सुरुवात कितीने करायची? कपाटामागे मीटरभर जागेत ६० ने करून बघा. दोन फेऱ्यांत जुना थर निघाला तर ४० ची गरजच नाही. ‘आधी सगळ्यात जाड कागद’ हा नियम मानला की तिथेच पाऊण मिमी विनाकारण जातं. २४ नंबर फक्त रंगाचे जाड थर किंवा खूप वर-खाली झालेल्या जमिनीसाठी.

फळ्या समतल असतील तर सरळ लाकडातल्या रेषांच्या दिशेने. वर-खाली असतील तर पहिली फेरी फळीला तिरपी, १५ ते ४५ अंशांत, मग पुढच्या सगळ्या फेऱ्या रेषेच्या दिशेने. भिंतीला पाठ ठेवून खोलीच्या दोन तृतीयांश अंतरापर्यंत जा, त्याच वाटेने मागे या, मग अर्ध्या ड्रमएवढं बाजूला सरका. उरलेला एक तृतीयांश भाग उलट बाजूने, दोन्हींचा छेद अर्धा मीटर तरी येऊ द्या आणि प्रत्येक कागदाला ही छेदाची जागा थोडी बदला. मशीन चालायला लागल्यावरच ड्रम टेकवायचा आणि थांबण्याआधी उचलायचा. अर्धा सेकंद जरी जागेवर टेकला तरी आडवी खाच पडते. ती तेव्हा दिसत नाही, पॉलिश चढल्यावर खिडकीच्या उजेडात लख्ख दिसते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर एक दिवा जमिनीवर आडवा ठेवा आणि त्याच्या उजेडाच्या विरुद्ध बाजूने, डोळे जमिनीजवळ नेऊन बघा. खाच सापडली तर तेवढीच जागा पुन्हा उकरू नका. मीटर-दीड मीटरच्या पट्ट्यात हळूहळू मिसळा.

कागदाचे टप्पे वगळायचे नाहीत. ४० नंतर थेट १०० लावला तर ४० चे ओरखडे फक्त झाकले जातात आणि पहिला हात लागताच वर येतात. टप्पा संपला का हे कळायला जमिनीवर पेन्सिलने हलक्या वेड्यावाकड्या रेघा ओढा. पुढच्या कागदाने सगळ्या सारख्या पुसल्या गेल्या पाहिजेत. प्रत्येक टप्प्यानंतर मशीनने धूळ ओढून घ्या. मागच्या कागदाचा सुटलेला एक कण बारीक कागदाखाली सापडला तर लांब ओरखडा काढतो.

कडांचं मशीन गोल फिरतं, म्हणून ते नेहमी ड्रमच्या मागोमाग त्याच नंबराने चालवा आणि शेवटच्या नंबराला अजिबात दाबू नका. कोपरे धारदार खरवडणीने, रेषेच्या दिशेने. शेवटी फिरत्या मशीनवर १२० ची जाळी लावून पूर्ण खोली एकदा फिरवली की कडा आणि मध्य एकजीव होतात. ही फेरी टाळली तर रंगकामानंतर भिंतीलगत गडद चौकट दिसते. १२० च्या पुढे जाऊ नका, लाकूड इतकं गुळगुळीत होतं की थर धरत नाही.

धुळीची पिशवी प्रत्येक तासाला रिकामी करा आणि धूळ घराबाहेर धातूच्या झाकणाच्या डब्यात टाका. रात्रभर पिशवीत ठेवू नका. जुन्या पॉलिशची पूड आपोआप तापून पेट घेते.

वरचा थर

पाण्यातलं पॉलीयुरेथेन रंग फारसा बदलत नाही, दोन-तीन तासांत पुढचा हात घेता येतो, तीन ते चार हात लागतात. तेलातलं पिवळसर-तांबूस झाक देतं, दोन-तीन हात, प्रत्येकात १२ ते २४ तास आणि उग्र वास. मेणयुक्त कडक तेल लाकडात मुरतं, दोन पातळ हातांत होतं. ओरखडा उठला तर तेवढीच जागा नीट करता येते, पण देखभाल जास्त वेळा लागते. वर्दळीच्या बैठकीत पाण्यातलं पॉलीयुरेथेन सोयीचं आहे. पण जिभेवर ३ मिमीहून कमी लाकूड उरलेलं असेल तर तेलच घ्यावं, कारण पुढच्या डागडुजीला पुन्हा घासावं लागत नाही.

हिशेब सोपा: पॉलीयुरेथेन लिटरला सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे २० चौरस मीटरला तीन हात म्हणजे ६ लिटर, आणि एक लिटर जास्तीचा. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या.

साग तेलकट असतो. ते तेल वर आलं की थर वाळत नाही किंवा सुटतो. घासून झाल्यावर त्याच दिवशी, अॅसिटोनने पुसून, तासा-दोन तासांत पहिला हात द्यावा. पाण्यातलं पॉलीयुरेथेन थेट उघड्या लाकडावर दिलं की ते फटींत उतरून फळ्या एकमेकींना चिकटवतं. कोरड्या ऋतूत आठ-दहा फळ्यांचा गठ्ठा एकत्र आकसतो आणि एकाच जागी मोठी फट पडते. म्हणून खाली त्याच कंपनीचा योग्य सीलर (उघडं लाकूड बंद करणारा पहिला थर) द्या, आणि फटींवर डबकं साचू देऊ नका.

खोली १५ ते २५ अंश, आर्द्रता ६५ टक्क्यांखाली, पंखा बंद. डबा हलवू नका, तळापासून हळू ढवळा. हलवलं तर बुडबुडे येतात. ढवळलं नाही तर चमक कमी करणारी पूड तळाशी राहते आणि पहिल्या भिंतीकडची जमीन चमकदार, शेवटच्या भिंतीकडची मंद होते. काम चालू असताना मधूनच ढवळत राहा. एका भिंतीलगतची जमिनीची कड ब्रशने मारा आणि ती ओली असतानाच रोलर तिच्यावर आणा. चारही कडा आधी मारून ठेवल्या तर तिथे चौकट उमटते. रोलर फळीच्या दिशेने, ओल्या कडेवरून ओली कड, दाराकडे संपेल असा. मागे वळून सुकत आलेल्या जागेवर ब्रश लावू नका. केस पडला असेल तरी राहू द्या, पुढच्या हाताआधी तो घासून निघेल.

पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहून पृष्ठभाग खरखरीत लागतो. हे अपेक्षितच आहे. २२० नंबरने हलकं घासा, धूळ ओढा, किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसा. तेलातलं पॉलीयुरेथेन किंवा जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःच पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवा.

खोली परत लावताना

मोजे घालून चालायला पाण्यातल्या थराला २४ तास, तेलातल्याला दोन-तीन दिवस. सामान तीन-चार दिवसांनी, उचलून, ओढून नाही. गालिचा पाण्यातल्या थरावर दोन आठवडे आणि तेलातल्यावर महिनाभर तरी नको, कारण थर खालून अजून कडक होत असतो आणि त्याला हवा लागते. तोवर जमिनीवर चिकटपट्टीही लावू नका. आठवड्याने स्कर्टिंग बसवा, क्रमांकाप्रमाणे, खिळे भिंतीत, फळीत नाही. खाली कागदाची एक घडी ठेवून स्कर्टिंग बसवलं आणि नंतर कागद ओढला की जमिनीला हलायला जागा राहते. मग भिंतीची सोडलेली पट्टी रंगवा.

दार जमिनीला घासत असेल तर आत्ता कापा, गालिचा धरून ८–१० मिमी मोकळं. सामानाच्या पायांना खिळ्याची नाही तर चिकटवायची लोकरी टोपणं लावा आणि वर्षातून एकदा बदला, त्यांत वाळू रुतली की तीच घासकागद होते. दाराच्या बाहेर आणि आत, दोन्हीकडे पायपुसणी. पुसताना पिळलेलं फडकं, साबण अगदी थोडा, वाफेचं मशीन कधीच नाही.

तीन-चार वर्षांनी वर्दळीच्या वाटेवर थेंबाची चाचणी पुन्हा करा. थर विटला असेल, पण लाकूड उघडं पडलेलं नसेल, तेव्हाच जाळीने खरखरीत करून एक हात द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि लाकूड एक केसभरही कमी होत नाही. मापं, ओलाव्याचा नकाशा आणि कोणता थर कधी दिला ते लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी ड्रम लावायचा की नाही हे त्या कागदावरून ठरेल.